कुणाची गं तू?

खेड्यात नवख्या पोरीला आधी नाव विचारत नाहीत. "कुणाची गं तू?" हा पहिला प्रश्न. जात्यावरच्या ओवीला हाच प्रश्न विचारून बघा. भाऊ कसा रुबाबदार, आई कशी मायाळू, वेशीवर कोणतं देऊळ, लेकाच्या बैलांची जोडी कशी, सगळं सांगेल. स्वतःचं नाव तेवढं घेणार नाही. अभंगाचं तसं नसतं. शेवटच्या चरणात तुकोबा, नामदेव, जनाबाई आपापली मुद्रा उमटवून मोकळे होतात. ओवीला मुद्रा नाही. ती आईकडून लेकीकडे गेली, लेक नांदायला गेली तेव्हा तिच्याबरोबर सासरी गेली, आणि तिथल्या जावा-नणंदांत मिसळून गेली. कुणी कधी जोडली, याचा पत्ता राहिला नाही.

वय मात्र दांडगं आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद सापडते. म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही उखळापाशी बसलेली होती. ज्ञानेश्वरीतली ओवी हिचीच बहीण; ग्रंथात गेलेल्या त्या बहिणीला मान मिळाला, पारायणं मिळाली. ही घरीच दळत राहिली.

हिला भेटायचं तर पहाटे भेटायचं. खालची तळी बसवलेली, वरच्या तळीला लाकडी खुंटा. एक पाय लांब पसरायचा, दुसरा मुडपून घ्यायचा. समोरासमोर दोघी असल्या की खुंट्यावर दोघींचे हात, आणि मोकळ्या हातानं मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात. अर्धा फेरा ओढायचा, अर्धा ढकलायचा. ओवीचा श्वास या ओढण्यावर बेतलेला असतो. म्हणून शब्द मध्येच तुटतो, ओळ पुन्हा घेतली जाते, कुठं 'गं' येतो, कुठं 'बाई'. छंदशास्त्रवाल्यांना तिथं अक्षरं कमी-जास्त भरतात. दगडाला बरोबर भरतात.

स्वभाव हळवा, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मला तो निम्माच खरा वाटतो. ही बाई चांगली खाष्टही आहे. माहेरचं कौतुक करता करता भावजयीवर घसरते: भाऊ चोळी घेतो, भावजय तोंड फिरवते, भाऊ राहा म्हणतो, भावजय चूल विझवते. गंमत अशी, की गाणारी स्वतः कुणाची तरी भावजय असतेच. कित्येक घरांत समोर खुंटा धरून बसलेलीच तिची नणंद. दोघी एकमेकींना ऐकवतात, पीठ मात्र एकच पडतं. समोरासमोर बोलली असती तर भांडण झालं असतं, अशी गोष्ट ओवीत घातली की तिचा राग धरता येत नाही. माहेर सुटलेलं, सासर अजून आपलं न झालेलं, या दोन्हींच्या मधली हातभर जागा ती बाई जात्यापाशी स्वतःसाठी राखून ठेवते.

तिथंच सीताही येऊन बसते. रामायणातली महाराणी इथं टाकलेली बाई होते. तिला सासरी जागा नाही आणि माहेरी परतायचं तोंड नाही. ओव्या तिच्या बाजूनं बोलतात. रामाची पूजा करणाऱ्या घरांत पहाटे पहाटे रामाला असे चार शब्द ऐकावे लागत, याचं मला फार बरं वाटतं.

पण हिच्या चरित्रातला सगळ्यात मोठा दिवस वेगळाच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि वस्त्या-वस्त्यांतली ओवीही बदलली. पहिली ओवी देवाला वाहायची, दुसरी आणखी कुणाला, अशी मोजणी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आता त्याच मोजणीत बुद्ध आला, भीम आला, धम्म आला, कष्ट काढून गेलेली रमाई आली. चाल तीच, दगड तोच, कौतुकाचे शब्दही पुष्कळसे तेच. भावाच्या रुबाबाचं जे कौतुक असायचं, ते आता सुटाबुटातल्या बाबासाहेबांच्या वाट्याला आलं. सगळ्या वस्तीचा तोच पाठीराखा भाऊ झाला. आपण कोण, हे ठरवण्याचा निर्णय ज्यांनी कधी सभेत उभं राहून मांडला नाही, त्यांनी तो पीठ पाडता पाडता मांडला. धर्मांतराच्या इतिहासात भाषणं आणि ठराव जितके वाचले जातात, तितक्या या ओव्या वाचल्या जात नाहीत, हे आपलं दुर्दैव.

मग गावात गिरणी आली. शहरात बसून जात्यासाठी उसासे टाकणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. बायकांना गिरणी हवीच होती. ओवी मात्र हट्टी. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण उलटीही खरी ठरली: जातं सुटलं तशी ओवी सुचेनाशी झाली. आता लग्नघरी हळद दळायला जातं बाहेर काढतात, त्याला सुपारी बांधतात, फोटो काढतात. एखादी म्हातारी दोन ओव्या म्हणते, तेवढ्यात डीजे सुरू होतो.

ती पुरती नाहीशी झाली नाही, याचं श्रेय पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांकडे जातं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या कितीतरी गाणाऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, गाणारीचं नाव, असा ओवीला आता पुरा पत्ता मिळाला आहे.

त्यातही तिनं घोळ घालून ठेवलाच आहे. एकच ओवी चार गावांत सापडते; भावाचं नाव तेवढं बदललेलं, एखादा शब्द तिकडच्या बोलीतला. कुठून आली विचारलं की चौघीही तितक्याच ठामपणे सांगणार, आमच्या आईची. चौघींच्याही नावावर ती वेगवेगळी नोंदवायची, दुसरा इलाज नाही, आणि मला विचाराल तर चौघींचाही दावा मंजूर करायला हवा.