कांद्याच्या सालीतला पिवळा रंग

आपल्या घरातील औषधांच्या डब्यात डॉक्टरांनी न दिलेली एक तरी बाटली असेलच. आमच्या, उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या घरात ती गेल्या श्रावणात आली. एका आप्ताने प्रेमाने आणलेल्या त्या बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक फ्लेव्होनॉइड’ अशी अक्षरे होती. माझे यजमान हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गेली काही वर्षे वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. ‘झाडाचेच तर आहे, त्याने काय व्हायचे?’ असे म्हणत त्यांनी ती कॅप्सूल महिनाभर घेतली. मी ते पाहत होते आणि काही बोलले नाही. हे कबूल करताना संकोच वाटतो, कारण महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली आहेत.

बाटलीवरचा तो शब्द माझ्या ओळखीचा होता. फ्लेव्होन कसे तयार करतात, हे फळ्यावर लिहिताना दरवर्षी एक नाव उच्चारावे लागे : प्राध्यापक कृष्णस्वामी वेंकटरामन. (सर चंद्रशेखर वेंकट रामन ते वेगळे, वर्गात हा घोटाळा दरवर्षी होई.) १९०१ साली मद्रासला जन्मलेले वेंकटरामन मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले. वनस्पतींमधील द्रव्यांवरील संशोधनासाठी पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच रॉबिन्सन. भारतात परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात शिकवू लागले. कांद्याच्या सालीत, फुलांच्या पाकळ्यांत, लाकडाच्या गाभ्यात जी पिवळी द्रव्ये असतात, त्यांचा सांगाडा चंचुपात्रात उभा करण्याची एक सुटसुटीत रीत त्यांनी तिथे शोधली. रेणूचा एक तुकडा ऑक्सिजनवरून उचलून शेजारच्या कार्बनवर बसवायचा आणि मग आम्लाच्या साहाय्याने कडे जुळवून घ्यायचे, एवढेच तिचे मर्म. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली होती. म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ या जोडनावाने आहे.

१९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले आणि १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. आज माटुंग्याला ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ म्हणून ओळखली जाते, तीच ही संस्था. विठ्ठलवाडीहून लोकलने माटुंग्याला जाताना मला नेहमी वाटे, की आपल्या या पट्ट्याचा आणि त्या संस्थेचा रुळांपेक्षा जवळचा संबंध आहे. कारण वेंकटरामन यांचा पुढचा ध्यास होता रंग : कापडाचे कृत्रिम रंग. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ जगभरातले रंगरसायनतज्ज्ञ उशाशी ठेवत. (वालधुनीचे पाणी कधी निळे, कधी तांबडे झालेले पाहिलेल्या आम्हा मंडळींना रंगांचे कौतुक जरा जपूनच वाटते, ही गोष्ट वेगळी.) विदर्भातल्या कारंजाचे बाळ दत्तात्रेय टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. १९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९६६ मध्ये त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर टिळक आले.

पुण्यात त्यांनी पुन्हा झाडांकडे मोर्चा वळवला. फणसाच्या लाकडाचा पिवळा गाभा आपण पाहिला असेल. ब्रह्मदेश, थायलंडमध्ये भिक्खूंची चीवरे त्याच लाकडाच्या रंगात रंगवत. त्या गाभ्यातली फ्लेव्होने आणि लाखेतले तांबडे रंगद्रव्य यांची रचना त्यांच्या गटाने उलगडली. या कामात ए. व्ही. रामा राव हे त्यांचे शिष्य होते. याच रामा राव यांच्या नेतृत्वाखाली पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेने एड्सवरील झिडोव्हुडीन हे औषध देशात बनवण्याची पद्धत तयार केली. फणसाच्या खोडापासून तिथपर्यंत, हे मला आजही नवलाचे वाटते. १९८१ मध्ये पुण्यात प्राध्यापकांचे निधन झाले.

आता कॅप्सूलकडे वळते. महिन्याअखेरीस यजमानांना दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. नेहमीच्या तपासणीत ‘आय.एन.आर.’चा आकडा डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा बराच वर गेलेला. ‘नवीन काय चालू केलेत?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोष कॅप्सूलचाच, असे त्यांनी ठामपणे म्हटले नाही; पण ती त्याच दिवशी बंद केली आणि न विचारता काही घेतल्याबद्दल आम्हा दोघांना, विशेषतः मला, चांगलेच सुनावले.

घरी येऊन मी कागदावर दोन आकृत्या काढल्या. फ्लेव्होन ज्या सांगाड्यावर उभे असते तो, आणि वॉरफरिन ज्यावर उभे असते तो कुमारिन. अणू तेच, तेवढेच. फक्त एका ऑक्सिजनची जागा वेगळी. चुलत भावंडेच म्हणा. आणि वॉरफरिनची जन्मकथा तर ‘नैसर्गिक’ या शब्दाचा नक्षाच उतरवते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. त्यांनी बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातल्या कुमारिनपासून बुरशीने जे विष केले, ते विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले वॉरफरिन आधी उंदीर मारायला वापरले गेले आणि मग, मात्रा मोजूनमापून, माणसे वाचवायला.

यजमानांनी आकृत्या नीट पाहिल्या. ‘मग कांदाही बंद का?’ त्यांनी विचारले. कांदा बंद नाही. भाजीतल्या कांद्यातून येते ते थोडे, रोजचे आणि शरीराच्या सवयीचे. कॅप्सूलमध्ये तेच द्रव्य अनेक कांद्यांचे एकवटलेले असू शकते.

तीन आठवड्यांनी आकडा पूर्वपदावर आला. डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत आता फाइलबरोबर एक कागद असतो. त्यावर गोळ्यांच्या खाली काढा, च्यवनप्राश, शेजाऱ्यांनी दिलेले चूर्ण, सारे मात्रेसकट लिहिलेले असते. परवा पाहिले, तर सर्वात शेवटी यजमानांनी आपल्या अक्षरात ‘कांदा : आवडेल तेवढा’ असेही लिहून ठेवले आहे.