कुंपण कोणते, शेत कोणते?

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासाला ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण लावण्याचा मोह होतो. अडचण एवढीच, की कुंपण कोणते आणि शेत कोणते, हे दर पिढीला बदलते.

पहिले कुंपण इंग्रजांचे. १८१५च्या कँडी करारात त्यांनी बौद्ध धर्माच्या रक्षणाची हमी दिली आणि मिशनऱ्यांचा ओरडा वाढल्यावर हळूच अंग काढून घेतले. दुसरे कुंपण स्वतंत्र देशाच्या घटनेचे. एखाद्या धर्माला वा जमातीला झुकते माप देणारा कायदा संसदेने करू नये, असे २९वे कलम सांगत होते. मळ्यांवरच्या लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व १९४८ सालीच त्याच्या डोळ्यांदेखत गेले.

१९५६ साली निवडणूक आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा अडीच हजारावा उत्सव एकत्र आले. रिंगणातले नेते बंडारनायके जन्माने अँग्लिकन, शिक्षणाने ऑक्सफर्डचे, पण बौद्ध झालेले. भिक्खू त्यांच्यासाठी गावोगाव फिरले. ते पंतप्रधान झाले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा. तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केलेला समझोता मात्र भिक्खूंनी घरासमोर ठिय्या देऊन १९५८त मोडायला लावला. २५ सप्टेंबर १९५९ रोजी घराच्या व्हरांड्यात बंडारनायके सोमाराम या भिक्खूला वाकून नमस्कार करत असताना चीवरातून रिव्हॉल्व्हर निघाले. हत्येच्या कटाचा सूत्रधार त्यांच्याच प्रचारातला खंदा पाठीराखा, केलनिया विहाराचा प्रमुख बुद्धरक्खित. म्हण इथे चपखल बसते आणि इथेच फसते, कारण त्यामागे हातचे गेलेले ठेकेही होते. शिवाय सोमारामने १९६२त फाशीआधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो कुठल्या रकान्यात मांडायचा?

१९६६त तर रविवारच रद्द झाला. चंद्राच्या चार कलांचे ‘पोया’ दिवस सुट्टीचे ठरले. पंचांग बघणाऱ्याला पुढची गंमत सांगायला नको: चंद्र सातांचा हिशेब पाळत नाही, त्यामुळे एखादा आठवडा आठ दिवसांचाही भरे. बाहेरच्या जगाचा व्यापार रविवार धरूनच चाले. १९७१त रविवार परत आला. हा हट्ट म्हणावा, तर इंग्रजांचा रविवार तरी कुणाला विचारून आला होता? वसाहतीचे ओझे उतरवणे म्हणावे, तर शेजारच्या चर्चमधल्या माणसाच्या खांद्यावर ते का ठेवायचे?

१९७२च्या घटनेत २९वे कलम गेले. बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले, त्याच्या रक्षणाचे कर्तव्य शासनावर आले आणि इतर धर्मांचे हक्कही सोबत नोंदले गेले. कँडीत इंग्रजांनी मोडलेली हमी पुरी झाली, की कुंपणाच्याच नावावर सातबारा चढला, हे वाचणारा कुठल्या गावचा त्यावर ठरते. १९७८च्या घटनेनेही ते अग्रस्थान कायम ठेवले. पौर्णिमेची सुट्टी अजून आहे, सर्वांनाच.