तळ्यात, मळ्यात आणि गॉडझिला

३ नोव्हेंबर २०२४ला भाऊबीज होती आणि गॉडझिलाचा सत्तरावा वाढदिवसही. पहिला ‘गोजिरा’ जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ला लागला होता. आमच्या घरात पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दुसरी फक्त मला आणि दादाला.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि गेली काही वर्षं एका पक्षाचा कार्यकर्ता. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचाल. बाबांबरोबर मी नाशिकरोडला आत्याकडे गेलो, तेव्हा दादाचा फोन कानाला चिकटलेला होता. दुसऱ्या दिवशी विधानसभेचे उमेदवारी अर्ज मागे घ्यायची शेवटची मुदत होती. राज्यभर बंडखोरांची मनधरणी चालली होती आणि त्यातला एक बंडखोर दादाच्याही वाट्याला आला होता. फोन ठेवून त्याने चकली मोडली आणि मला विचारलं, “तुझं काय या वेळी? तळ्यात की मळ्यात?”

“बघू,” मी म्हणालो.

“दर वेळी बघू!” मग आत्याकडे वळून म्हणाला, “आई, हा ना, शिन गॉडझिलामधला पंतप्रधान आहे.”

आत्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि लागलंही.

आम्ही मॉन्स्टर मूव्ही बघायला लागलो ते आत्याच्या गल्लीतल्या चाचांमुळे. चाचांचं व्हीसीडीचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर आत्याकडे असायचो आणि आम्ही दोघं रोज दुपारी त्या दुकानात पडीक. चाचा शनिवारी दिलेली सीडी सोमवारी परत घ्यायचे आणि भाडं एकाच दिवसाचं लावायचे. १९९८चा हॉलिवूडचा ‘गॉडझिला’ आम्ही हिंदीत इतक्यांदा पाहिला की ती सीडी एका ठिकाणी अडकायची आणि अडकलेला डायलॉग आम्ही तोंडाने पूर्ण करायचो.

त्या सिनेमात न्यूयॉर्कचा महापौर आहे. शहरात अक्राळविक्राळ प्राणी शिरलाय आणि याला काळजी आहे ती पुन्हा निवडून येण्याची. पुढे ‘जॉज’ पाहिला तर त्यातही महापौर! शार्क माणसं खातोय, पोलीसप्रमुख सांगतोय की किनारा बंद करा आणि हा म्हणतोय, सीझन आहे, पर्यटक बुडतील. पर्यटक खरंच बुडतात, वेगळ्या अर्थाने. गंमत म्हणजे ‘जॉज २’मध्येही महापौर तोच आहे. म्हणजे लोकांनी त्याला खुर्चीवर ठेवलंय. राजकारणावरचा पहिला धडा मला पाठ्यपुस्तकाने नाही, त्या माणसाने दिला: राक्षस मरतो, महापौर राहतो.

मी स्वतःला मध्यममार्गी म्हणवतो. हा शब्द उच्चारला की दोन्हीकडची माणसं सारखंच हसतात. म्हणून माझी मतं सरळ सांगून टाकतो. सगळे पक्ष सारखेच, असं मला वाटत नाही. ते म्हणणं हा आळस आहे. मी ‘नोटा’ कधी दाबलेलं नाही. आपल्याकडे विधानसभेला ‘नोटा’ला सगळ्यात जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवारच निवडून येतो, त्यामुळे तो राग नोंदवण्यापुरताच. एकदा एका बाजूला मत दिलं म्हणून पुढच्या वेळी तिलाच द्यावं, असं मला बंधन वाटत नाही. आणि उमेदवाराकडे बघताना मी एकच प्रश्न विचारतो: हा माणूस वाईट बातमी लोकांना सांगेल की दाबेल? पहिल्या ‘गोजिरा’मध्ये हाच प्रसंग आहे. राक्षस खरा आहे हे कळल्यावर संसदेच्या बैठकीत एक सदस्य म्हणतो, हे जाहीर नको, परराष्ट्र संबंध बिघडतील. समोरच्या महिला सदस्य उसळून उठतात: जनतेला खरं सांगा. सत्तर वर्षं झाली, पण एवढ्या स्वच्छपणे मतदान कुणाला करायचं हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

दादाचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे, पण निवडणूक म्हणजे कुस्ती. कुस्तीत पंच सोडून सगळ्यांना बाजू असते, आणि तू तर पंचही नाहीस.

यावर माझ्याकडे एक किस्सा आहे. १९६२ साली जपानमध्ये ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ आला. त्याबद्दल एक अफवा वर्षानुवर्षं जगभर फिरत राहिली: जपानी आवृत्तीत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकन आवृत्तीत काँग. म्हणजे ज्याचा प्रेक्षक, त्याचा विजय. दादाने मला हे शपथेवर सांगितलं होतं. कॉलेजात असताना मी दोन्ही आवृत्त्या मिळवून पाहिल्या. दोन्हींत शेवट तोच: दोघं झटापटीत समुद्रात कोसळतात, वर फक्त काँग येतो आणि पोहत घरी निघतो. लोकांनी सिनेमा न बघताच आपापल्या बाजूला हवा तो शेवट वाटून घेतला होता. आणखी एक गोष्ट त्यात आहे. काँगला जपानमध्ये आणायची टूम एका औषध कंपनीच्या साहेबाची, कारण त्याने प्रायोजित केलेला टीव्हीचा कार्यक्रम कुणी बघत नसतो. संध्याकाळी सात वाजता कुठलंही न्यूज चॅनल लावा. तो साहेब अजून कामावर आहे.

माणसं बाजू बदलतात यावर मात्र मी फार चिडत नाही, आणि यालाही कारण गॉडझिलाच. १९५४मध्ये तो टोकियो जाळतो, दहा वर्षांत तोच टोकियोच्या बाजूने लढायला उभा राहतो. आपल्याकडे तर एवढाही वेळ लागला नाही. २०१९ला निवडून आलेल्या एकाच विधानसभेच्या काळात आपण तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यातलं एक सरकार पहाटेचं. चारही मोठे पक्ष आळीपाळीने सत्तेत बसले आणि त्यातले दोन फुटले. ज्या दोन घरांत एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तिथे एकत्र बॅनर लागले आणि काही महिन्यांनी फाडलेही गेले. यातून मी एवढंच शिकलो की नेत्यासाठी नातं तोडायचं नाही. नेते पुन्हा जुळवून घेतात. आपल्याला जमत नाही.

आघाडी-युतीवरचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा म्हणजे १९६४चा ‘गिदोरा’. तीन डोक्यांचा गिदोरा पृथ्वीवर उतरलाय. त्याला एकट्याने हरवणं कुणालाच शक्य नाही. तेव्हा मोथ्रा गॉडझिला आणि रोडानला समजवायला जाते. हा मोथ्रा म्हणजे या सिनेमात पंख फुटलेला पतंग नाही, नुसती अळी. गॉडझिला आणि रोडान एकमेकांवर दगड फेकण्यात गुंग. मोथ्रा मध्ये पडते आणि तिघांची चक्क बैठक होते. दोन चिमुकल्या जुळ्या बहिणी आपल्याला दुभाषाचं काम करून सांगतात कोण काय म्हणतंय. गॉडझिलाचं म्हणणं, माणसांनी आम्हाला कायम छळलं, आम्ही का मरायचं त्यांच्यासाठी? रोडानचंही तेच. चर्चा फिसकटते. लहानपणी आम्ही इथे लोळून हसायचो.

आता हसू येत नाही, कारण पुढे काय होतं ते महत्त्वाचं आहे. चर्चा फिसकटल्यावर मोथ्रा निवेदन काढत नाही. ती वळते आणि सरपटत एकटी गिदोरावर चालून जाते. तोंडातून रेशीम सोडणं एवढंच तिचं शस्त्र. ती मार खातेय हे बघून मग ते दोघं उठतात.

मी स्वतःला बरीच वर्षं मोथ्रा समजत होतो. दोघांशी बोलणारा, मध्ये पडणारा. म्हणूनच दादाची टोचणी लागली.

‘शिन गॉडझिला’ २०१६चा. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर आलेला, त्यामुळे त्यात राक्षसापेक्षा मिटिंगा जास्त आहेत. एक खोली सोडून दुसऱ्या खोलीत, एक समिती उठवून दुसरी. शेवटी हेलिकॉप्टरं गोळीबाराच्या तयारीत उभी राहतात आणि तेवढ्यात दिसतं की एका म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घेऊन कुणीतरी रेल्वे फाटक ओलांडतंय. पंतप्रधान हल्ला थांबवतो. राक्षस समुद्रात निघून जातो, मोठा होऊन परत येतो, आणि त्या पंतप्रधानासकट अर्धं मंत्रिमंडळ संपतं.

आम्ही यावर पूर्वीही भांडलो होतो. मी म्हणायचो, पाठीवरच्या त्या म्हाताऱ्या माणसासाठी थांबणाऱ्याला मी मत देईन. दादा म्हणायचा, नंतर मेलेल्या हजारोंचं काय? भाऊबीजेच्या दिवशी मला वाटलं, तो तोच मुद्दा काढतोय. म्हणून मी आत्याला मध्ये ओढलं. तिला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात. म्हटलं, तुमच्या सगळ्या पक्षांकडे आता एवढंच उरलंय, पैसे वाटणं.

आत्या शांतपणे म्हणाली, “त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या येतात रे. आणि ते मागताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.”

मी गप्प झालो. सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मी आणि दादा तो एकत्र बघून आलो होतो. त्यातल्या हस्तरला सोनं मिळतं, पण धान्य मिळत नाही, म्हणून तो कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. लोभी तो नाही का, तर आहेच. पण सिनेमा भरून उरलेला लोभ वाड्यातल्या विनायकचा आहे, ज्याचं पोट भरलेलं आहे. हे मी थिएटरबाहेर दादाला मोठ्या ऐटीत समजावलं होतं, आणि दीड महिन्यात आत्याच्या गोळ्यांना लोभाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. दोन-तीन दिवसांतच एका बाजूने २१००चं आणि दुसऱ्या बाजूने ३०००चं आश्वासन दिलं. तिजोरीचा हिशेब विचारायलाच हवा. पण तो आत्याला विचारायचा नाही, आश्वासन देणाऱ्याला विचारायचा.

निघताना दादा गाडीपर्यंत आला. म्हणाला, “पंतप्रधान का म्हटलं, कळलं ना?”

“थांबतो म्हणून.”

“थांबण्याचं नाही रे. तो निदान कुणासाठी तरी थांबतो. तू तेव्हा कुणासाठी थांबला होतास?”

‘तेव्हा’ म्हणजे लोकसभेच्या प्रचारात. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी मेसेज टाकला होता: या या लोकांच्या दुकानातून काही घेऊ नका. खाली गल्लीतल्या दुकानांची नावं. त्यात चाचांचं नाव होतं. आता ते मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्ती करतात. मी तो मेसेज पाहिला. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वाटलं, वातावरण तापलंय, निवडणूक होऊन जाऊ दे, काकांशी भेटून बोलू. याला मी समजूतदारपणा म्हणत होतो. वीस मिनिटांनी उत्तर आलं ते दादाचं, ज्याला मी पक्षाचा आंधळा म्हणायचो त्याचं: “चाचांकडून सीड्या आणायचो तेव्हा तुम्हीच पैसे द्यायचात. हे इथे परत टाकू नका.” काकांनी ग्रुप सोडला. दिवाळीपर्यंत ते दादाशी बोलले नव्हते. माझ्याशी छान बोलत होते.

त्या दिवशी परत येताना मला पहिल्यांदा कळलं की मी मोथ्राची अर्धीच भूमिका घेतली होती, बैठकीची. तळ्यात-मळ्यात खेळताना रेषेवर उभा राहणारा आऊट होतो, हा साधा नियम मी विसरलो होतो. मतदान कुणाला हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरवलं नाही तरी चालतं. माणूस माणसाला दुकान बंद करायला सांगत असेल, तिथे ‘बघू’ चालत नाही. ती दोन टोकं नव्हतीच, मग त्यांच्या मध्ये मी कुठे उभा होतो?

२० नोव्हेंबरला मी मत दिलं. कुणाला, ते खरंच रांगेत ठरलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. २३ तारखेला निकाल लागला. दादाच्या उमेदवाराचं काय झालं ते सांगितलं तर पक्ष कळेल, म्हणून राहू दे.

डिसेंबरमध्ये ग्रुपवर तसाच आणखी एक मेसेज आला, या वेळी वेगळ्या नातेवाइकाकडून. मी फार विचार केला नाही. लिहिलं, “हे मला मान्य नाही. काढून टाका.” कुणी काढलं नाही. कुणी उत्तरही दिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या गुड मॉर्निंगला अंगठे येईनासे झाले.

रात्री दादाचा फोन आला. ग्रुपचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. ‘गॉडझिला मायनस वन’ बघायला कधी येतोस, एवढंच विचारलं.

“रविवारी,” मी म्हणालो.