डबा सुटल्यावर

आमच्या विहिरीत पोहायला शिकवायची एकच पद्धत होती. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. आठवडाभरात कधीतरी काका मागून हळूच दोर सोडायचे. पोहणाऱ्याला पत्ता नसायचा. काठावरची पोरं ओरडली की कळायचं, आपण मघापासून डब्याशिवायच पोहतोय. पोहणं म्हणजे पाय मारणं, ही माझी समजूत तिथलीच.

मग मुरलीकांत पेटकरांविषयी वाचलं आणि एका सकाळी तलावात पाय आवळून, नुसत्या हातांनी पोहून पाहिलं. न हलणारे पाय गप मागे येत नाहीत, खाली ओढतात. कंबर बुडते, अंग तिरकं होतं, हातातला निम्मा जोर स्वतःला वर धरण्यातच जातो. पंचवीस मीटरवर मी काठ धरला. मला निदान पाय सोडण्याची मुभा होती.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. सैन्यात गेले, तिथं मुष्टियुद्ध खेळले. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग निकामी झालं. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. पुढे 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पार केली. त्यांच्या गटातला तो विश्वविक्रम होता आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये नेमबाज अभिनव बिंद्राला भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला त्यानंतर 36 वर्षं जायची होती.

त्या वर्षी ऑलिम्पिक म्युनिकला होतं. पॅरालिम्पिकसाठी मात्र तिथलं क्रीडाग्राम मिळालं नाही, कारण त्यातल्या सदनिकांची पुढची सोय आधीच ठरली होती. म्हणून हायडेलबर्ग. काही आठवड्यांनी म्युनिकच्या तलावात मार्क स्पिट्झनं सात सुवर्णं जिंकली. त्याचं नाव आमच्या शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात होतं. शेजारच्या तालुक्यातल्या पेटकरांचं नव्हतं.

जलतरणपटूचं बरंचसं आयुष्य पाण्याखालची फरशी बघण्यात जातं. शर्यत संपली, हात भिंतीला टेकला की तो आधी वळून घड्याळाकडे पाहतो. त्याची वेळ तिथं लागलेली असते, शंभराव्या भागापर्यंत. पाण्याबाहेर असं घड्याळ नाही. पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 साली, त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला 2024 मध्ये, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला 2025 मध्ये. सदतीस सेकंदांची दखल घ्यायला आपल्याला अर्धशतक लागलं.

ही दिरंगाई मनात आली की मला विहीर आठवते. फरक एवढाच, की इथं पोहणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. दोर कधीचा सुटला होता; ओरडायला आम्ही काठावरच्यांनी उशीर केला.