पाहुण्यांचा खेळ

जिथे एखादा खेळ फारसा कोणी खेळत नाही, तिथे त्याचा आंतरराष्ट्रीय सामना भरवल्याने तो रुजतो का? आम्ही मराठीचे अध्यापक; रग्बी लीगशी आमचा संबंध रात्री उशिरा पडद्यावर सामने पाहण्यापुरता. तरीही हा प्रश्न आम्हांला आमचाच वाटतो. का, ते पुढे सांगू.

रग्बी लीग म्हणजे तेरा खेळाडूंचे रग्बी. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन मूळ संघटनेशी फारकत घेतली. खाणीत-गिरणीत राबणारे खेळाडू सामन्यासाठी खाडा करीत. त्यांच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून हा तंटा पेटला होता. इंग्लंडात हा खेळ आजही मुख्यतः यॉर्कशायर-लँकेशायरचाच आहे. बाहेर पडण्याची धडपड मात्र जुनी. १९०८-०९ च्या हंगामात ऑस्ट्रेलियाचा संघ प्रथमच इंग्लंडला आला, तेव्हा तिन्ही कसोटी सामने लंडन, न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅम येथे, म्हणजे खेळाच्या माहेराबाहेर झाले. यांपैकी एकही शहर लीगचा बालेकिल्ला झाले नाही.

याउलट पॅरिसचे उदाहरण. ३१ डिसेंबर १९३३ रोजी तेथील पर्शिंग क्रीडांगणावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा प्रदर्शनीय सामना झाला. ऑस्ट्रेलियाने तो ६३-१३ असा जिंकला; म्हणजे चुरस अशी नव्हतीच. पण जमीन नांगरलेली होती. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत १९३१ साली ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी संबंध तोडले होते आणि फ्रेंच खेळाडू दुखावलेले होते. त्यांच्यातलाच जाँ गालिया पुढे सरसावला. १९३४ च्या वसंतात निवडक गडी घेऊन त्याने इंग्लंडचा दौरा केला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लीगची संघटना उभी राहिली. पुढे व्हिशी राजवटीने १९४१ साली खेळावर बंदी घालून मालमत्ता जप्त केली. तरीही १९५१ मध्ये फ्रेंच संघाने ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका जिंकली आणि १९५४ चा पहिला विश्वचषक फ्रान्समध्येच भरला.

आता डेन्व्हर पाहा. २३ जून २०१८ रोजी अमेरिकेतल्या या शहरात, मैलभर उंचीवर, इंग्लंडने न्यूझीलंडला ३६-१८ असे हरवले. १९,३२० प्रेक्षक आले. ही संख्या हिणवण्याजोगी खासच नाही. २०२५ चा विश्वचषक उत्तर अमेरिकेत नेण्याचा जो बेत होता, त्याची ही नांदी. तो बेत त्याच वर्षाअखेर बारगळला. यजमानपद पुढे फ्रान्सकडे गेले, फ्रान्सनेही २०२३ साली अंग काढून घेतले, आणि स्पर्धा २०२६ वर ढकलून ऑस्ट्रेलियाला देण्यात आली. नांदी झाली, पडदा काही उघडला नाही.

आमच्या महाविद्यालयात दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. सभागृह भरते, पाहुणे बोलतात, टाळ्या पडतात, छायाचित्रांसह अहवाल जातो. जूनमध्ये मराठीच्या वर्गात किती नावे नोंदली गेली, हा रकाना त्या अहवालात नसतो. सोहळा निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्या गर्दीतली एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला येतेही. ती येते तेव्हा ग्रंथालय उघडे असावे, एवढेच आमचे मागणे.

परक्या गावातल्या सामन्यांनाही आम्ही हेच माप लावतो. पाहुणे संघ विमानात बसल्यावर तिथे चेंडू कोणाच्या हातात उरतो? शाळेचे मैदान, शिकवणारा माणूस, शिट्टी घेऊन उभा राहणारा पंच आणि दर शनिवारी होणारा एखादा साधा सामना, हे चार खर्च तिकिटांच्या हिशेबात आधीच धरले पाहिजेत. पॅरिसमध्ये सामन्यानंतर एक गालिया मागे उरला होता. डेन्व्हरसारख्या गावी त्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. तिथे सामन्याआधीच त्याला शोधून ठेवावे लागेल.