कोठार भरले आहे

मार्च हा प्राध्यापकांच्या घरात हिशेबाचा महिना असतो. २०२५ च्या मार्चमध्ये आयकराच्या कागदांसाठी आम्ही दोघे संयुक्त खात्याचा वर्षभराचा उतारा घेऊन बसलो होतो. विम्याचा हप्ता, मुलाच्या वसतिगृहाचे शुल्क, पुस्तकांची बिले असे एकेक बाजूला काढताना काही चिमुकल्या रकमा पुन्हा पुन्हा समोर येऊ लागल्या : ८९, १५९, पुन्हा ८९, एकदा ४४९. आमच्यापैकी एकाने त्यांवरून बोट झटकन पुढे सरकवले. दुसऱ्याने काहीच विचारले नाही, आणि संशयास्पद होते ते हेच. कारण एरवी दुधाच्या बिलातील चार रुपयांवरून आमच्या घरी परिसंवाद झडतो. थोड्या वेळाने उलगडा झाला तो असा : दोघांच्याही मोबाइलमध्ये (भ्रमणध्वनी हा शब्द आम्ही वर्गात वापरतो, घरात नाही) एकच खेळ होता, तो आम्ही एकमेकांसमोर खेळतही होतो, पण त्यात आपण पैसे घालतो, ही गोष्ट दोघांनीही एकमेकांपासून लपवली होती. वर्षभरात एकाचे ३,८७० रुपये, दुसऱ्याचे ३,११५. कोणाचे किती, ते येथे सांगणार नाही. ‘आम्ही’ या सर्वनामाची तेवढी सोय आम्ही घेतो.

रक्कम मोठी नाही. तेवढ्या पैशांची पुस्तके आम्ही एका प्रदर्शनात डोळे मिटून घेतो आणि त्यांतली निम्मी वाचतही नाही. लाज रकमेची नव्हती. ज्याच्या दारावर ‘फुकट’ असे लिहिले होते त्या जागी आपण चोरून पैसे मोजत होतो, याची होती. २०२३ च्या दिवाळीत भाचीने हा खेळ आमच्या मोबाइलवर घालून दिला तेव्हा एक पैसाही पडला नव्हता, आणि पुढेही पडणार नाही असे तिने शपथेवर सांगितले होते. तिचे चुकले नव्हते. ती आजही एक पैसा न देता खेळते. शाळकरी मुलांच्या अंगी जो एक निर्दय संयम असतो, तो पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांकडे नसतो, एवढेच.

खेळ शेतीचा. एक वाडी, चार वाफे, एक कोठार. पहिले आठ-दहा दिवस सारे स्वप्नवत असते. गहू दोन-तीन मिनिटांत पिवळा होतो, कोंबड्या अंडी देतात, बेकरीतून पाव निघतो, नाणी खुळखुळतात. खेळ आपल्यावर सारखा खूश असतो. विद्यापीठाने आम्हांला इतक्या वेळा शाबासकी दिल्याचे स्मरत नाही. मग हळूहळू, एखाद्या चांगल्या कादंबरीकाराने गती बदलावी तसा काळ मंदावतो. पिकाला तास लागतात, पुढे अर्धा दिवस. आणि एके दिवशी फलक झळकतो : कोठार भरले आहे. कोठार वाढवायचे तर फळ्या हव्यात आणि खिळे हवेत. फळ्या मिळतात. खिळे मिळत नाहीत. आठवडाभर राबावे तेव्हा एखादा खिळा सापडतो, आणि लागतात बारा. पीक उभे, कोठार तुडुंब, हात बांधलेले. अशा वेळी कोपऱ्यात हिरे चमकू लागतात. हिऱ्यांनी खिळे मिळतात, हिऱ्यांनी काळ पुढे ढकलता येतो. आणि हिरे रुपयांनी मिळतात. खिळ्याची किंमत रुपयांत कधीच लिहिलेली नसते. रुपयांचे हिरे करताना आणि हिऱ्यांचे खिळे करताना हिशेब मध्येच कुठेतरी हरवतो. शिवाय हवे असतात एकशे वीस आणि पुडी असते शंभरांची.

हा व्यवहार आमच्या फार ओळखीचा आहे हे लक्षात यायला वर्ष लागले, याचे आश्चर्य वाटते. सरकारी कचेरीत फाइल जागची हलत नाही. नियमाने ती हलायला हवी असते, कोणी ‘नाही’ म्हणत नाही, सगळे अदबीने ‘बघू’ म्हणतात. वजन ठेवले की ती चालू लागते. ज्याने वाट अडवली तोच वाट मोकळी करण्याचे पैसे घेतो. फरक असलाच तर एवढा की, कचेरीतल्या चिरीमिरीनंतर हातात निदान सातबाराचा उतारा तरी पडतो. येथे पडतात ते खिळे.

आमच्यासारखी माणसे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींनी याविरुद्ध मोठा गलका केलेला आहे. ‘डंजन कीपर’ हा १९९७ सालचा, बुलफ्रॉग या ब्रिटिश कंपनीचा संगणकावरचा खेळ त्याच्या चाहत्यांना अतिशय प्रिय होता. तळघराचा दुष्ट मालक आपण. राबणाऱ्या पिशाच्चांकडून खडक खोदून घ्यायचे, दालने उभी करायची. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला त्याचा मोबाइल अवतार ‘फुकट’ म्हणून बाजारात आणला. मूळ खेळात क्षणार्धात फुटणारे खडक आता फुटायला काही ठिकाणी चार तास, काही ठिकाणी चोवीस तास घेऊ लागले. घाई असेल त्याने रत्ने विकत घ्यावीत. मूळ खेळाचे जनक पीटर मॉलिन्यू यांनीही याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढचा भाग तर एखाद्या उपहासकथेत शोभावा असा आहे. अँड्रॉइडवर हा खेळ अभिप्राय मागत असे. पाच तारे द्यायचे म्हटले की खेळाडू थेट दुकानाच्या सार्वजनिक पानावर पोचायचा. एक ते चार द्यायचे म्हटले, तर कंपनीला खासगी पत्र लिहिण्याचा मार्ग पुढे यायचा. स्तुती चव्हाट्यावर आणि टीका बंद पाकिटात, हे तंत्र आपल्याकडील काही ग्रंथप्रकाशन समारंभांनी याआधीच सिद्ध केलेले असले तरी यंत्राच्या साहाय्याने ते प्रथमच पाहायला मिळाले. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात नियमन संस्थेने या खेळाच्या ‘फुकट’ या जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरवले : पैसे न देणाऱ्याला ज्या वेगाने खेळावे लागते, तो जाहिरात वाचून कोणाच्याही मनात येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. फसवणूक पैशांची नव्हती, वेगाची होती. पैसे मागितले म्हणून खेळाडू चिडले नाहीत. चांगल्या खेळाचे पैसे त्यांनी १९९७ मध्ये आनंदाने दिले होते. खेळच आधी बिघडवून मग दुरुस्तीचे बिल पुढे केले, म्हणून ते चिडले.

आजोळी दिवाणखान्यात सारीपाट मांडला जाई. आमच्यापैकी एकाच्या आजीचा कवड्यांवरचा हात विलक्षण होता. कवड्या हातात घोळवून ती टाकायची आणि जे पडेल त्याला ‘दान’ म्हणायची. किती सुंदर शब्द आहे! आपण टाकायचे आणि आपल्यालाच मिळायचे. देणारा कोण ते ठाऊक नाही. दान मनासारखे पडले नाही तर दुपार वाया जायची, जीव चडफडायचा, मामा पट उधळून उठायचेसुद्धा. वैताग त्या खेळातही होताच. पण तो कोणी पेरलेला नव्हता, आणि त्यावरचा उतारा कोणी शेजारच्या खोलीत विकायला बसलेले नव्हते. योहान हौझिंगा या डच विचारवंताने ‘होमो लुडेन्स’ या १९३८ सालच्या ग्रंथात खेळाला रोजच्या व्यवहारापासून आणि भौतिक लाभापासून वेगळी, आखून घेतलेली जागा मानले आहे. आजीचा पट म्हणजे अक्षरशः अशी आखलेली जागा होती. आमच्या मोबाइलमधल्या वाडीचे कुंपण मात्र बरोबर बँकेच्या दाराशी उघडत होते.

तरीही आम्हांला अधिक छळते ते वेगळेच. वाट पाहणे हा आमच्या पेशाचा विषय आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, हे आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. साप्ताहिकाच्या नावाकडे लक्ष वेधतो, यमूचे पुढे काय होणार या चिंतेत आठवडा काढणाऱ्या त्या वाचकाची कल्पना करायला लावतो. तो वाचक श्रीमंत असो वा गरीब, पुढचा अंक त्याला त्याच दिवशी मिळणार. मधले दिवस रिकामे नसत. तो मनातल्या मनात कथा पुढे नेई, घरातल्यांशी वाद घाली, स्वतःच्या घरातल्या यमूकडे कदाचित वेगळ्या नजरेने पाही. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने संहितेतल्या रिकाम्या जागांचे महत्त्व सांगितले, त्या जागा वाचकाने भरायच्या असतात. आमच्या खेळानेही जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. पण तिथे कल्पनेला काही कामच नव्हते. गहू पिकायला सहा तास आहेत, या वाक्यात कल्पना काय करणार? ती प्रतीक्षा मुद्दाम ओसाड ठेवलेली होती, कारण भरलेली प्रतीक्षा कोणी विकत घेत नाही. आणि तिच्यावर पैसे फेकताना आमच्यातल्या वाचकाने एकदाही हरकत घेतली नाही. ही कबुली त्या ६,९८५ रुपयांहून जड आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांना त्याने बंदी घातली. ती व्हायला हवी होती; त्या खेळांनी घरे बुडवली आहेत. पण आमचा खेळ या व्याख्येत येत नाही, कारण त्यात जिंकायला काही नसतेच. द्यूतात निदान जिंकण्याची शक्यता तरी असते. जेथे फक्त हरता येते, तो निरुपद्रवी मनोरंजनात गणला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला उपदेश आहे की फासे सोड आणि शेती कर. आम्ही अक्षरशः शेतीच करत होतो!

या साऱ्याला शीर्षासन घालणारा प्रश्न विचारला तो आमच्या एका विद्यार्थ्याने. जत तालुक्यातला मुलगा, घरी डाळिंबाची बाग. मधल्या सुट्टीत निबंधाची वही द्यायला विभागात आला, तेव्हा टेबलावर मोबाइल उघडा होता आणि त्यात हिरवीगार वाडी डोलत होती. तो वाकून पाहत राहिला.

“याला पाणी कुठनं येतं?”

“पाणी लागत नाही.”

“तेल्या पडत न्हाई?”

“रोगच नाही रे कुठला.”

“भाव?”

भाव पडत नाही, पीक वाळत नाही, कापले नाही तर वर्षभर तसेच उभे राहते, हे आम्ही सांगितले. आणि का कोण जाणे, क्वचित पैसे भरावे लागतात हेही सांगून टाकले. त्याने थोडा विचार केला. “मग पैसं कशाचं घेत्यात?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरेच कळून घ्यायचे होते. आम्ही दोघे, मिळून पंचेचाळीस वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असलेले, वहीतली शुद्धलेखनाची चूक दाखवू लागलो.

मार्चच्या त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांसमोर खेळ काढून टाकला होता, हे सांगायचे राहिले. सभापर्वात पहिल्या द्यूतानंतर गमावलेले सगळे परत मिळते आणि पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. तेवढ्यात मागून निरोप्या येतो आणि धर्मराज पुन्हा वळतो. अनुद्यूताचा हा प्रसंग शिकवताना ‘का वळला?’ या प्रश्नावर मुले तावातावाने बोलतात आणि आम्ही प्रौढपणे त्यांना क्षत्रियधर्म, नियती वगैरे सांगतो. आमच्याकडे निरोप नवव्या दिवशी आला. मेलवर. तुमच्या कोंबड्या तुमची आठवण काढत आहेत, असा त्याचा मजकूर होता. खेळ पुन्हा उतरवून घेतला तेव्हा वाडी होती तशीच होती, आणि परत आल्याबद्दल पन्नास हिरे भेट म्हणून तयार होते.

तेव्हापासून खेळ एकाच मोबाइलमध्ये आहे आणि त्यात रुपया घातलेला नाही. उतारा आता दर महिन्याला दोघे मिळून पाहतो. रात्री जेवणे झाली की एक जण विचारतो, “सापडला का?” गहू उभा आहे. कोठार भरले आहे. दोन खिळे कमी आहेत.