तळघरांतील ओल

वाईस आमचें जें जुनें घर आहे, त्याच्या पोटांत एक लहानसें तळघर आहे. चुन्यांत बांधलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, उतरावयास आठ पायऱ्या, आणि मागील अंगणाच्या बाजूस जमिनीलगत एक झरोका, एवढाच त्याचा विस्तार. पूर्वीं तेथें धान्याच्या कणग्या असत. पुढें आजोबांच्या जुन्या वह्यांची पेटी राहिली. उन्हाळ्यांत त्या गारव्यांत बसून त्यांच्या गोष्टी ऐकण्यासारखें दुसरें सुख आम्हांस ठाऊक नव्हतें.

सन २०२१ च्या उन्हाळ्यांत मागील अंगणांत फरशी घालावी म्हणून आम्ही वडिलांच्या पाठीस लागलों. मातींत चेंडू नीट उसळत नाहीं, हेंच काय तें आमचें दुःख! वडिलांनीं हट्ट पुरविला. मुरूम पडला, फरशी बसली, अंगण वीतभर उंच झालें आणि झरोका बुजला. तो बुजतांना आम्हीं डोळ्यांनीं पाहिला होता. परंतु सांगितल्यास काम थांबेल, या भीतीनें आम्ही मूग गिळून बसलों.

आषाढांत छपराच्या पागोळ्या फरशीवर पडूं लागल्या व तें पाणी थेट भिंतीच्या पायाशीं जाऊं लागलें. तळघरांत कुबट वास सुटला. भिंत गुडघ्याइतकी काळवंडली व तिजवर पांढरा खार फुटला. वडिलांनीं आंतून सिमेंटचा गिलावा करविला. म्हातारा गवंडी म्हणाला, "दादा, भिंतीचं तोंड बंद कराल, तर पाणी दुसरी वाट काढील." त्याचें बोलणें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

सन २०२२ च्या पावसाळ्यांत ओल गिलाव्याच्या वर चढून माजघरापर्यंत आली. पेटी उघडली तों तळच्या वह्यांचा लगदा झालेला! आजोबा रागावले नाहींत. दिव्याशीं बसून ते एकेक पान हलकेच सोडवीत राहिले. तें पाहवेना, तेव्हां आम्हीं झरोक्याची गोष्ट त्यांस सांगून टाकली. ते इतकेंच म्हणाले, "बाळ, आतां पाणी कुठून येतं तें शोध."

आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं एक सोपी परीक्षा सांगितली. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीस चारही कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या अंगास जमले तर ओल हवेंतील; आंतल्या अंगास जमले तर भिंतींतील. आमचे थेंब आंत निघाले.

कारण मग उमगलें. केशाकर्षणानें पाणी भिंतींत वर चढतें. चुना सच्छिद्र असल्यामुळें तें चुन्यावाटे हवेंत उडून जातें. सिमेंटचा घट्ट गिलावा त्यास कोंडतो. सिमेंट वाईट असें नव्हे. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें १८२४ सालीं इंग्लंडांत घेतलें, व आज त्यावांचून मोठीं कामें होत नाहींत. परंतु चुन्याच्या भिंतीची प्रकृति निराळी, औषधही निराळें.

पाऊस सरल्यावर त्याच गवंड्यास वडिलांनीं मानानें बोलावलें. भिंतीलगतची फरशी काढून झरोका मोकळा केला. उरलेल्या फरशीस फुटामागें पाव इंच उतार घराबाहेर दिला. वळचणीस पन्हळ लावून पाणी दूर सोडलें. सिमेंट खरवडून भिंत उन्हाळाभर सुकूं दिली, व नंतर चुन्याचा गिलावा केला. दगड वाहण्यास आम्ही होतोंच. अंगण लहान झालें, याबद्दल तक्रार करण्यास तोंड नव्हतें.

सन २०२३ च्या पावसांत तळघरांत पाणी आलें नाहीं. थोडा दमटपणा राहिला. जुन्या घरांत तो राहावयाचाच. वाचलेल्या वह्या आतां माडीवर आहेत. आजोबा सांगतात व पुसट झालेलीं पानें आम्ही नव्या वहींत उतरून घेतों. कांहीं ओळी त्यांसही आठवत नाहींत. तेथें जागा कोरी सोडतों.

बालमित्रहो, घरांतील झरोका बुजतांना दिसला, तर त्याच दिवशीं वडील मंडळींस सांगा. चेंडू मातींतही उसळतो.